होकाबाई आणि बोलका जिल्हा

होकाबाईंच्या तोंडी डावं-उजवं हे शब्द कधी आले नाहीत. फळा पुसणाऱ्या मुलीला त्या सांगायच्या, "ईशान्येच्या कोपऱ्यात थोडं राहिलंय बघ." डबा खाताना कुणाची भाजी सांडली, तर ती त्यांच्या मते डब्याच्या दक्षिणेला सांडलेली असायची. मुलं खुसखुसायची. होकायंत्रावरून त्यांना होकाबाई हे नाव पडलं आणि फिरत फिरत ते त्यांच्या कानावर गेलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं आहे. मागच्या शाळेत मला वादळ म्हणायचे."

त्यांचं आडनाव मुकादम. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या आमच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. त्यांचे मिस्टर मालवाहू जहाजावर होते आणि वर्षातले बरेच महिने बाहेर असायचे. १९९८ साली मी पाचवीत गेले, त्याच वर्षी बाई आमच्या शाळेत आल्या.

मला जन्मापासून दिसत नाही. बाबा ट्रॉलरवर खलाशी, आई बंदरावर मासे घेऊन घरोघरी विकायची. अंधांची शाळा लांब, तिथे वसतिगृहात राहावं लागलं असतं. आई म्हणाली, "माझी पोर माझ्या डोळ्यांसमोर राहील." म्हणून मी जवळच्या साध्या शाळेत गेले. ब्रेल शिकवायला अधूनमधून एक शिक्षक येत, बाकीचं मी ऐकून शिकत असे. नकाशाचा तास आला की मात्र मला व्हरांड्यात बसवायचे. "तू बस जरा वाऱ्याला," असं मुख्याध्यापक मायेनेच म्हणत. मलाही त्यात काही वाटायचं नाही.

बाईंनी पहिल्यांदा नकाशा टांगला, तेव्हा मी आपली आपण उठले.

"कुठे निघालीस?"

"बाहेर. नकाशा आहे ना."

"मग?"

मी दाराकडे चालू लागले. त्या म्हणाल्या, "बस खाली. आणि तोंड पूर्वेला कर, फळा तिकडे आहे." मला पूर्व ठाऊक नाही, असं मी सांगितलं. बाई माझ्याजवळ आल्या. त्यांच्या अंगाला खोबरेल आणि खडूचा वास यायचा.

"समुद्र कुठून ऐकू येतोय?"

मी हात केला.

"ती पश्चिम. समुद्राकडे पाठ केलीस की तोंड पूर्वेला. एवढं कळलं की कुणाला काही विचारायला नको." मग थोडं थांबून त्यांनी दुरुस्ती केली, "रत्नागिरीत असेपर्यंत तरी."

पुढच्या वर्षी त्यांचे मिस्टर सुट्टीवर येताना परदेशातून एक बोलकं कोडं घेऊन आले. लाकडी पाटावर जगाचा नकाशा आणि देशांचे सुटे तुकडे. तुकडा आपल्या खाचेत नीट बसला की आतून एक बाई नाकातल्या इंग्रजीत देशाचं आणि राजधानीचं नाव सांगायची. ते आणलं होतं बाईंच्या भाचीसाठी, पण बाईंनी ते आधी वर्गात आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. इतर मुलं माझ्या मागे रांग लावून उभी राहिली. कुणी माझ्यासाठी थांबलंय असं नेहमी व्हायचं. मी पुढे आणि सगळे आपली पाळी येण्याची वाट बघतायत, असं मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच झालं. आफ्रिका माझ्या बोटांना आवडली. इटली सापडली तेव्हा मी ती कितीतरी वेळ हातातून सोडलीच नाही.

मग मी विचारलं, "यात रत्नागिरी कुठे?"

त्यांनी माझं बोट भारताच्या कडेवर टेकवलं. "इथे कुठेतरी. पण इतकी लहान, की तिला बोलायला जागाच नाही."

"मग मोठी करा ना."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.

त्यानंतरचे कित्येक रविवार त्यांनी या एका वाक्यापायी घालवले. मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका सुताराकडून त्यांनी प्लायवूडमध्ये जिल्ह्याचे नऊ तालुके कापून घेतले. नद्यांच्या जागी सुतळी चिकटवली. सह्याद्री म्हणून पूर्वेच्या कडेला जांभ्या दगडाचा भुगा डिंकात कालवून लावला, त्यावर हात फिरवला की बोटं खरचटायची. समुद्र तेवढा गुळगुळीत ठेवला. तेव्हा आवाज भरून ठेवता येणारी शुभेच्छापत्रं परदेशात मिळत. मिस्टरांनी पुढच्या खेपेला ती गठ्ठ्याने आणली आणि बंदर रोडवरच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या नानांनी त्यांच्या आतलं यंत्र काढून एकेका खाचेखाली बसवलं. नाना म्हणाले, "बाई, तुम्हीच सगळं बोलून टाका. एक दुपारचं काम आहे."

"छे," बाई म्हणाल्या. "चिपळूणचं चिपळूणच्या माणसाने सांगायचं."

त्यासाठी त्या जिल्ह्याचा पाट आणि मला घेऊन एसटी स्टँडवर उभ्या राहायच्या. गाडी लागली की उतरणाऱ्याला विचारायच्या, "कुठल्या तालुक्यातले तुम्ही?" लोकांना वाटायचं, या कसलीतरी खानेसुमारी करतायत. यंत्रात जेमतेम दोन वाक्यं मावायची. खेडच्या एका आजींनी तेवढ्यात सुनेची तक्रार सुरू केली आणि खेड राहूनच गेलं. मग त्या दुसऱ्यांदा, हळू आवाजात बोलल्या, "आमचं खेड. आमच्यात जगबुडी नदी आहे, नावाला भिऊ नका." गुहागरसाठी अंजनवेलचे एक म्हातारे मिळाले. ते गोपाळगडाचं सांगता सांगता इतके रंगले, की त्यांची परतीची गाडी सुटली. बाईंनी त्यांना जेवायला घरी नेलं.

राहिली रत्नागिरी. त्यासाठी त्या आमच्या दारात आल्या. आई म्हणाली, "माझा आवाज बाजारातला. ओरडून ओरडून फाटलेला."

"मला तसलाच हवाय," बाई म्हणाल्या.

आईने घसा साफ केला आणि म्हणाली, "ही रत्नागिरी. हितं सगळं मिळतं, लांब जायची गरज नाय."

बाईंनी हे वाक्य माझ्यासाठी आहे हे ओळखलं असणार. पण त्यांनी ते बदलायला सांगितलं नाही.

सातवीच्या वार्षिक परीक्षेत त्यांनी मला नकाशाचा प्रश्न घातला. मुख्याध्यापक म्हणाले, "तिला सवलत आहे, कशाला त्रास?" बाईंचं म्हणणं, सवलत घ्यायची की नाही हे आधी तिला विचारा. मी प्रश्न घेतला. त्या पाटातल्या बॅटऱ्या काढून ठेवल्या आणि मुक्या जिल्ह्यावर मी बोटाने जागा दाखवत गेले. अर्जुना विचारली, तेव्हा माझं बोट मुचकुंदीवर पडलं. बाईंनी त्याचे मार्क कापले. मुख्याध्यापकांना वाईट वाटलं, त्यांनी रदबदलीही केली. "नदी चुकली की मार्क जातात," बाई म्हणाल्या, "ही काय निराळी आहे?" मी घरी गेले ती त्या कापलेल्या मार्कांचं कौतुक सांगत. आईला त्यात आनंदासारखं काय आहे, हे कळेना.

दहावीनंतर मला मुंबईच्या कॉलेजात जायचं होतं. तिथे अंध मुलींसाठी वसतिगृह होतं. आईने साफ नाही म्हटलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाई आल्या, पण त्यांनी आईशी वाद घातला नाही. "मुंबईचं राहू द्या," त्या म्हणाल्या. "आधी राजापूरला एकटी जाऊन येऊ दे. मी तिथे स्टँडवर उभी राहते." आई इतक्या लवकर हो म्हणाली, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

हातखंब्याच्या तिठ्यापर्यंत माझ्या लक्षात आलं. मागच्या बाकावर कुणीतरी श्वास रोखून बसलं होतं, आणि त्या माणसाच्या अंगाला आमच्या घराचा वास येत होता. वळणावर गाडी कलली की ओळखीच्या काचेच्या बांगड्या वाजायच्या आणि लगेच कुणीतरी त्या हाताने दाबून धरायचं. कंडक्टर माझ्याजवळून गेला, तेव्हा मागून कुजबुज आली, "तिला राजापूरलाच उतरवा हां." लांज्याला खिडकीशी शेंगावाला आला. मी दोन पुड्या घेतल्या, एक मागे धरली आणि म्हटलं, "घ्या मावशी." बराच वेळ कुणी ती घेईना. मग हळूच घेतली.

राजापूरला उतरले तर होकाबाई समोरच होत्या. "या," त्या म्हणाल्या, "दोघीही वेळेवर पोचलात."

"मी कामाला आलेय राजापुरात," आई म्हणाली.

"कसलं काम?"

"हाय एक."

आम्ही तिघींनी कँटीनमध्ये चहा घेतला. त्या कामाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. परतीच्या गाडीत आई माझ्या शेजारी बसली. रत्नागिरी जवळ आली तेव्हा तिने विचारलं, "त्या होस्टेलात मासे देतात काय गो जेवायला?"

असं माझं मुंबईला जायचं ठरलं.

दोनेक वर्षांनी बाईही निघाल्या. मिस्टरांनी जहाज सोडलं होतं, मुलगा मस्कतला नोकरीला होता आणि त्याने दोघांना बोलावून घेतलं. मी निरोप घ्यायला गेले तेव्हा घरात खोकी भरणं चाललं होतं. बोलका जिल्हा एव्हाना बराच थकला होता. पावसाळी दमटपणाने चिपळूण मुकं झालं होतं आणि राजापूर तोंडात सुपारी असल्यासारखं बोलायचं. मला वाटलं होतं, तो बाई मला देतील. त्यांनी तो नानांकडून दुरुस्त करून शाळेला दिला. मी नाराज झाले ते त्यांना दिसलं.

"तुला कशाला? तुझा पाठ झालाय," त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात खजुराचा डबा ठेवला.

ईदला मी फोन करायची, गणपतीत त्या करायच्या. बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून मला नोकरी लागली, तेव्हा त्यांनी आधी विचारलं, बँकेचं दार कुठल्या दिशेला आहे. मला सांगता आलं, याचं त्यांना नोकरीपेक्षा जास्त समाधान झालं असावं.

पुढे एका पावसाळ्यात मी रजेवर घरी आले होते, तेव्हा त्यांच्या मुलाचा फोन आला. बाई झोपेतच गेल्या होत्या. दफन तिकडेच झालं होतं.

आई मासळीची पाटी उचलून निघण्याच्या तयारीत होती. मी सांगितलं, तशी तिने पाटी खाली ठेवली. शेजारीण बाहेरून हाका मारत होती, "येतेस ना गो?"

"आज नाय," आई म्हणाली. "घरातलं माणूस गेलंय."

दुपारी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "मस्कत कुठं येतं गो?"

मी तिचा हात हातात घेतला आणि तळव्यावर बोटाने किनारा ओढला. ही आपली रत्नागिरी. इथून वायव्येला जायचं, असं, अंगठ्याच्या मुळापर्यंत. ते मस्कत.

"मधी काय लागतं?"

"काही नाही. नुसतं पाणी."

आईने हात तसाच माझ्या हातात राहू दिला.

"मग तशी जवळच हायत," ती म्हणाली.