पिटुकलीच्या स्वेटरचं माप

थोरलीला नोकरी लागली ती एकेचाळिसाव्या वर्षी, म्हणजे ज्या वयात इतरांना चष्मा लागतो त्या वयात. पदवी तिनं लग्नाआधीच घेतली होती आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिली होती. दर वर्षी कुठे ना कुठे अर्ज करायची, दर वर्षी नवरा म्हणायचा, "कर बाई, अर्जानं काही बिघडत नाही." मग एका वर्षी खरंच बिघडलं. बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेतून पत्र आलं. गाव घरापासून एका अख्ख्या दिवसाच्या प्रवासावर, आणि पहिले सहा महिने रजा मागायची नाही अशी अट.

घरात सगळे "जा" म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, नवरा म्हणाला, दीर म्हणाला. तेरा वर्षांची लेकही म्हणाली. तिला सगळे पिटुकली म्हणत, कारण जन्मली तेव्हा ती हातभरसुद्धा नव्हती. पण सगळ्यांत मोठ्यानं "जा" म्हणाली ती धाकटी जाऊ. "ताई, तुम्ही निर्धास्त जा. मी आहे ना!" नेमकं हेच थोरलीच्या मनात रुतून बसलं. ती आहे, हीच तर काळजी होती.

निघायच्या आदल्या दिवशी थोरलीनं पिटुकलीला दारात उभं करून माप घेतलं. छाती अठ्ठावीस, बाही सोळा. गडद हिरवी लोकर आणली, दहा नंबरच्या सुया बॅगेत टाकल्या आणि जाहीर केलं, "थंडी पडायच्या आत स्वेटर घरी पोचेल." घरात विणणारी मूळची तीच. धाकटीला सुई धरायला शिकवलं तेही तिनंच, तीन वर्षांपूर्वी. तेव्हा धाकटी दर ओळीला एक टाका सांडायची आणि "ताई, हे बघा ना काय झालं," म्हणत मागे मागे फिरायची. ते दिवस थोरलीला फार आवडायचे.

प्रयोगशाळेतलं काम मोजण्याचं. ओल्या कागदावर बिया ओळीनं मांडायच्या, दहाच्या दहा ओळी, वर दुसरा ओला कागद, मग गुंडाळी करून कपाटात उभी ठेवायची. कपाटात उबदार दमट हवा. सात दिवसांनी गुंडाळी उलगडायची आणि चिमट्यानं एकेक मोड उचलून मोजायचा. नीट उगवलेले इतके, वाकडे इतके, कुजलेले इतके. शेतकऱ्याचं नशीब त्या आकड्यावर, त्यामुळे आकड्याशी खेळ नाही. थोरलीला हे काम लगेच जमलं. आयुष्यभर ती टाकेच मोजत आली होती.

प्रश्न होता वेळेचा. घरी ती दुपारी सगळं आवरलं की दोन तास सलग विणायची. इथे सलग असं काही उरलंच नाही. सकाळी पाणी तापेपर्यंत चार ओळी. बसमध्ये जागा मिळाली तर सहा, आणि शेजारचा कोपर लागून कुरकुरला तर तीन. जेवणाच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत संपवून उरलेल्या वेळात आठ. संध्याकाळी खोलीवर आल्यावर भाजी, भांडी, कपडे, आणि मग हातात सुया घेतल्या की डोळे मिटायचे. एकदा तर नुसत्या झोपेच्या गुंगीत तिनं अर्धी वीत पाठ उलट्याच टाक्यांनी विणली आणि दुसऱ्या दिवशी सगळी उसवली.

त्यातच लोकरीचं प्रकरण झालं. वजन करणाऱ्या बाईंनी एक गुंडाळी उलगडली आणि त्या ओरडल्या, "अहो, या मक्याला हिरवं मूळ फुटलंय!" सगळी प्रयोगशाळा गोळा झाली. मूळ कसलं, थोरलीच्या बाहीला चिकटून आलेला लोकरीचा धागा होता. मोठ्या मॅडम हसल्या नाहीत. "उद्यापासून लोकर इमारतीच्या आत दिसता कामा नये." तेव्हापासून थोरली जेवणाच्या सुट्टीत बाहेरच्या पायरीवर बसून विणू लागली, एरवी सुया आणि गुंडा चौकीदाराच्या खुर्चीखाली पिशवीत ठेवून. चौकीदार जाता-येता विचारायचा, "बाई, कुणासाठी?" ती म्हणायची, "लेकीसाठी." दर वेळी हे सांगताना तिला बरं वाटायचं.

संध्याकाळी सातला घरून फोन यायचा, चेहरा दिसणारा. पिटुकलीचा चेहरा समोर, आणि मागे, अगदी नेमक्या जागी, धाकटी. हातात सुया. पहिल्या महिन्यात सासूबाईंचे मोजे झाले. दुसऱ्या महिन्यात दिराची टोपी, मग धाकटीच्या स्वतःच्या जुळ्यांचे दोन स्वेटर, बटणांसकट. "धाकटीच्या हाताला काय सफाई आलीय बघ!" नवरा कौतुकानं म्हणाला. थोरलीनं बघितलं. सफाई आली होती. फोन ठेवल्यावर ती पाणी प्यायली आणि खोलीत तिनं उगाच तीन फेऱ्या मारल्या.

आपल्याला हेवा वाटतोय, हे तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. त्या बाबतीत ती स्वतःशी कधी खोटं बोलली नाही. धाकटीला वेळ होता याचा हेवा. धाकटीला दुपार होती याचा हेवा. नोकरी कुणाला लागली, बाहेर कोण पडलं, पगार कुणाचा, सगळं मान्य. तरी संध्याकाळी सात वाजता त्या घरात, त्या दिव्याखाली, त्या खुर्चीत कोण बसलं होतं? आणि पिटुकलीचं प्रत्येक वाक्य "काकू म्हणते" नं का सुरू व्हायचं? काकू म्हणते बीजगणित सोपंय. काकू म्हणते केस असे बांधले की बरे दिसतात. एकदा थोरली न राहवून म्हणाली, "काकू अजून काय काय म्हणते?" पिटुकली बिचारी मनापासून सांगायला लागली. दहा मिनिटं सांगत होती.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी फोनवर पिटुकलीऐवजी धाकटीच आली. जरा चाचरत म्हणाली, "ताई, एक सांगू का? पिटुकली भराभर वाढतेय. मी सहज माप घेतलं. छाती तीस झालीय, आणि बाही साडेसतरा. तुमचं विणून व्हायच्या आत कळवावं म्हटलं."

थोरलीची तेव्हा पाठ पूर्ण झाली होती, एकशे चार टाक्यांची, आणि पुढची बाजू अर्ध्यावर आली होती. चौदा आठवड्यांच्या पायऱ्या, बस आणि तापतं पाणी त्यात गेलं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सहज माप घेतलं! सहज कोण कुणाचं माप घेतं? स्वतः विणायला घेतला असेल तिच्यासाठी. आता माझा छोटा होणार, हिचा बरोबर बसणार, आणि सगळे म्हणणार, धाकटीच्या हाताला काय सफाई!

"माझ्या लेकीचं माप मला माहीत आहे," ती म्हणाली.

"तसं नाही ताई, मी फक्त..."

"माझी बस आली," असं म्हणून थोरलीनं फोन ठेवला. ती खोलीत बसली होती.

पुढे तिनं हट्टानं विणलं. फोनवर पिटुकलीचा चेहरा तिला तोच दिसत होता. पण फोनवर माणूस गळ्यापर्यंतच दिसतं, त्याखाली काय चाललंय ते कळत नाही, हे शहाण्या बाईच्या लक्षात यायला हवं होतं. लक्षात आलंही असेल कदाचित. पण धाकटीचा आकडा वापरायचा म्हणजे लेक आता तिच्या नजरेखाली वाढतेय हे कबूल करायचं, आणि ते थोरलीला जमेना. दिवसभर दुसऱ्यांच्या बिया डोळ्यांत तेल घालून मोजणारी बाई संध्याकाळी स्वतःच्या पोरीच्या बाबतीत जुन्या मापावर अडून बसली.

थंडी पडायला लागली तसा स्वेटर झाला. तिनं पार्सल केलं. नंतर आठ दिवस फोनवर स्वेटरचं नाव नाही. विचारलं की पिटुकली म्हणायची, "परीक्षा चाललीय ना आई, शाळेत गणवेशच लागतो." थोरलीचा जीव टांगणीला लागला. नवव्या दिवशी फोटो आला. पिटुकली दारात उभी, अंगात हिरवा स्वेटर, खांद्यावर खांदा, मनगटावर मनगट. कुठे ओढ नाही, कुठे झोळ नाही.

थोरलीनं तो फोटो वजनाच्या बाईंना दाखवला, चौकीदाराला दाखवला, शेवटी मोठ्या मॅडमनाही दाखवला. संध्याकाळी फोनवर तिनं मुद्दाम धाकटीला बोलावून घेतलं. सासूबाई, नवरा, दीर सगळे ऐकत असताना म्हणाली, "बघितलंस? तू म्हणत होतीस तीस. आईला न बघताही कळतं, बरं का!"

"हो ताई," धाकटी म्हणाली. "अगदी बरोबर बसलाय."

त्या रात्री थोरली इतक्या महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपली.

सहा महिने पुरे झाल्यावर चार दिवसांची रजा मिळाली. बसस्टँडवर नवऱ्याशेजारी एक उंच मुलगी उभी होती. थोरलीनं तिच्या पलीकडे पिटुकलीला शोधलं, आणि मग ती मुलगीच धावत येऊन गळ्यात पडली. तिची हनुवटी आईच्या खांद्याच्या वर येत होती. थोरलीला आनंद झाला, आणि त्या आनंदातच काळजात काहीतरी खट्ट झालं. ही पोर अठ्ठावीस नव्हती. आंधळ्यालाही दिसलं असतं.

घरी पोचल्यावर पिटुकली आंघोळीला गेली आणि अंगातला स्वेटर पलंगावर राहिला. थोरलीनं तो उलटा केला. दोन्ही कुशींत, खालच्या काठापासून बगलेपर्यंत, जेमतेम इंचभर रुंद एकेक पट्टी होती. तिनं असली पट्टी कधी विणली नव्हती. बाह्या मनगटाकडून उसवून दीड इंच वाढवल्या होत्या. लोकर तीच, पार्सलमध्ये उरलेला गुंडा तिनं स्वतःच घातला होता, कुठे फाटलं तर असावा म्हणून. वरून बघितलं तर शिवण सापडत नव्हती. टाकासुद्धा तिच्यासारखाच आवळ होता, आणि धाकटीचा हात तर सैल. हा टाका तिनं असा आणला कसा?

धाकटी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. थोरली स्वेटर घेऊन तिच्यासमोर उभी राहिली.

"सुई कितीची वापरलीस?"

धाकटीनं स्वेटरकडे बघितलं आणि हातातला टॉवेल परत बादलीत टाकला. "अकरा नंबरची, बारीक. आधी दहानं केलं, पण तुमच्या टाक्याशेजारी फार सैल दिसायला लागलं."

"किती वेळा उसवलंस?"

"पाच-सहा वेळा असेल. मोजलं नाही."

"आणि मी फोनवर सगळ्यांसमोर तुला ऐकवत होते तेव्हा? तोंड शिवलं होतं का तुझं?"

"सगळ्यांसमोर काय बोलणार, ताई?" धाकटी म्हणाली. "आणि त्याआधी सांगितलं होतं, तेव्हा तुमची बस आली."

 थोरलीला वाटलं होतं ही भांडेल, निदान टोमणा तरी मारेल. म्हणजे मग हिशोब सरळ झाला असता. ही बया चांगलीही निघाली. आता चांगुलपणातही तीच पुढे. थोरलीला लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

तेवढ्यात पिटुकली ओले केस झटकत वर आली. "आई, दे ना गं स्वेटर, गार वाजतंय." आणि दोघींचे चेहरे बघून थबकली.

थोरलीला हे तोंडातून काढायला फार जड गेलं. "ही बाजूची पट्टी मी नाही केली. काकूनं केलीय."

"मला माहितीय," पिटुकली म्हणाली. "आठ दिवस माझ्याच तर अंगावर लावून बघत होती. मी हात वर करून करून दमले. एकदा तर सुई टोचली आणि आम्ही दोघी इतक्या हसलो..." ती मध्येच थांबली. "तुला सांगायचं नाही असं ठरलं होतं आमचं. तुला वाईट वाटेल म्हणून."

पट्टीचं दुःख थोरली गिळू शकली असती. पण त्या दोघी आठ दिवस एकमेकींना खेटून उभ्या होत्या, सुई टोचली तेव्हा हसल्या होत्या, आणि तिच्यापासून लपवायचं एक गुपित त्या दोघींत होतं. ते आठ दिवस तिला कुणी आणून देणार नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि ते दोघींनी बघितलं, त्याचाही तिला राग आला.

तिनं स्वेटर लेकीच्या डोक्यातून घातला, बाह्या खाली ओढून दिल्या. मग खांद्याला अजून अडकलेल्या पर्समधून प्रयोगशाळेतली छोटी वही आणि पेन काढलं.

"पुढच्या वर्षीचा आत्ताच सुरू करायला लागेल, मला वेळ लागतो," ती धाकटीकडे न बघता म्हणाली. "टेप आण. माप तू घे, मी लिहून घेते."

धाकटी टेप घेऊन आली. पिटुकलीनं सवयीनं हात वर केले, न सांगता, आणि थोरलीनं तेही बघितलं. धाकटी एकेक आकडा सांगत गेली, थोरली लिहीत गेली. छातीच्या मापाशी धाकटी जरा थांबली. "तीस भरतंय, ताई. पण बत्तीस धरा. हिचा वाढीचा जोर आहे, पुढच्या थंडीपर्यंत पुरायला हवा."

हे आपल्याला सुचायला हवं होतं, असं थोरलीला वाटलं. हेवा काही कमी झाला नव्हता. पण आकडा बरोबर होता, म्हणून तिनं बत्तीस लिहिलं.