आप्पांच्या कॉम्प्युटरवरची तारीख

हे लिहिताना दुकानाचं शटर मी अर्धं ओढून घेतलंय. भरदुपारी. कोणी येऊन खांद्यावरून वाचेल याची धास्ती वाटते — चार वर्षांत एकालाही, अगदी बायकोलाही जे सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगायला बसलोय. तुम्ही आप्पांना ओळखत नाही, म्हणून जरा धीर येतो.

फ्रीगंजमध्ये माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. उज्जैनमधल्या मराठी घरांत कुठे काही अडलं — अ‍ॅप उतरत नाही, अपडेट अर्ध्यावर लटकलं — की मला हाक येते. आप्पांनी मला शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर ते हौसेनं जन्मपत्रिका करू लागले. आधी हातानं, मग कॉम्प्युटरवर. कुणाकडे बाळ जन्मलं की पहिला फोन आप्पांना, कारण नावाचं अक्षर त्यांच्याकडूनच यायचं.

एका दुपारी त्यांचा फोन आला. "अरे श्रीकांत, पत्रिकेचं अ‍ॅप अपडेट नाही होत आहे. फुरसत मिळाली तर बघून जा ना."

गेलो. डिस्कवर जागा केली, अर्धवट उतरलेली फाइल पुसली, राउटर बंद करून चालू केला, अँटिव्हायरस थांबवला. पुन्हा स्क्रीनवर तीच लाल पट्टी — अपडेट फसलं. शेवटी ती नीट वाचली — अपडेटच्या फाइलवर कंपनीची जी डिजिटल सही असते, तिची मुदत आदल्या संध्याकाळीच संपली होती. कंपनी नवी फाइल देईपर्यंत दोन दिवस थांबायचं, इतकंच करायला हवं होतं. पण आप्पांसमोर 'जमत नाही' म्हणायचं? ज्यांनी मला फळ्यापाशी उभं करून शंभरदा तेच म्हणायला लावलं होतं, त्यांच्यासमोर?

आमच्या धंद्यात एक चोरवाट आहे. तारीख आपोआप जुळवण्याची सोय बंद करायची आणि कॉम्प्युटर एक दिवस मागे न्यायचा. त्याला वाटतं, मुदत अजून बाकी आहे. अपडेट मुकाट्यानं झालं. आप्पांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, पोहे आणले, आप्पा म्हणाले, "वाह, क्या बात है!" — आणि मी कौतुकानं फुगून दुकानात परतलो. तारीख पुढे आणायची राहिली.

इथवर नुसतं विसरणं होतं. विसरण्याची कबुली द्यायला कोणी शटर ओढून बसतं का?

दुसऱ्याच दिवशी त्यांच्या गल्लीतल्या एका घरी मुलगी झाली. आप्पांनी फोनवर वेळ विचारून अ‍ॅपमध्ये टाकली. तारीख अ‍ॅप स्वतःच भरतं — आजची. त्यांनी पत्रिका छापली, कुंकू लावून पाकिटात घातली, अक्षर कळवून टाकलं. पाकीट बारशालाच उघडायचं, अशी त्या घरची रीत.

बारशाला मीही होतो. मुलीच्या आजोबांनी पाकीट फोडलं, मोठ्यानं वाचू लागले आणि मध्येच थांबले. जन्मतारीख एक दिवस आधीची! म्हणजे नक्षत्र चुकलं, अक्षर चुकलं, आणि त्या अक्षराचं नाव तर पाळण्यावर सोनेरी कागदात कापून लावलेलं. कुणीतरी लाडानंच म्हणालं, "आप्पांना आजकाल दिन पण याद नाही राहत." सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. म्हणाले, "घरी जाऊन कॉम्प्युटर बघतो."

मला सगळं कळलं होतं, त्याच क्षणी. तोंड उघडायला किती वेळ लागला असता? मी काकूंकडे किल्ली मागितली. "आप्पा, तुम्ही आरामात जेवून या, मी आधी जाऊन बघतो," म्हणालो. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताची आठवण आजही सोसवत नाही.

त्यांच्या रिकाम्या घरात मी तारीख दुरुस्त केली. जिन्यावर पाऊल वाजलं तेव्हा मी खुर्चीमागे उभा होतो. "कॉम्प्युटर एकदम ठीक आहे, आप्पा."

हीच ती गोष्ट. हे वाक्य.

आप्पा बसले. कोपऱ्यातली तारीख बघितली, चष्मा पुसून पुन्हा बघितली. भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडली. मग अगदी हळू म्हणाले, "म्हणजे मीच."

त्या दिवसापासून त्यांनी पत्रिका केली नाही. महिन्याभरानं मला बोलावून अ‍ॅप काढून टाकायला सांगितलं. 'नक्की काढायचं?' असं कॉम्प्युटरनं विचारलं आणि मी 'हो' दाबलं. काकूंनी स्कूटरची किल्ली लपवली. सकाळी एकट्यानं क्षिप्रेच्या रामघाटावर जाणं थांबलं. त्यांना डॉक्टरकडे नेलं तेव्हा गाडी मीच चालवत होतो. मला भीती वाटते — विसरतोस, विसरतोस असं ऐकून माणूस खरंच विसरू लागला तर? आणि त्याहून मोठी भीती म्हणजे ते गणिताचे मास्तर आहेत. हा एक दिवसाचा फरक कुठून आला, हे बसल्याबसल्या कधीतरी त्यांना सुटेल. फोन वाजला की आधी वाटतं, सुटलं त्यांना.

आणि तो रोज वाजतो. सकाळी, मी दुकान उघडलं की. घरात विचारायची त्यांना लाज वाटते. "श्रीकांत, आज तारीख काय रे?" आधी ते आपली तारीख कागदावर लिहून ठेवतात, मला वाचून दाखवतात, मग माझी विचारतात. "तू सांगितलंस म्हणजे पक्कं," म्हणतात.

चार वर्षांत त्यांची तारीख एकदाही चुकलेली नाही. आज सकाळीही बरोबर होती. मी "हो, आप्पा" म्हणालो आणि फोन ठेवला.