आमच्यात निरोपाला हो म्हणत नाहीत

खंडाळ्याच्या बंगल्यांत पाहुणे काय काय विसरतात ते मला विचारा. चपला, चार्जर, औषधं, एकदा दातांची कवळी. एका शनिवारच्या पाहुण्यांनी पोहण्याच्या टाकीच्या काठावर कॉम्प्युटरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सोडलं. पाणी पिऊन ते पावासारखं फुगलं होतं. मी त्या बंगल्यात स्वयंपाकाला जायची आणि माझी सून भांडी घासायला यायची. मी म्हटलं, चुलीला चांगलं आहे. तिनं ते ओढणीत गुंडाळून घरी आणलं.

सून तळेगावची, बारावी झालेली, वर कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. तो कोर्स लग्नात कामाला आला, नंतर नाही. मी चौथीपर्यंत शिकले, माझं अडलं नाही. तिचंही अडू नये असं मला वाटायचं. पण ती जुना लॅपटॉप मांडीवर घेऊन त्या पुस्तकावरून प्रोग्राम लिहायला बसली. माझा मुलगा टुरिस्ट गाडी चालवतो. तो म्हणाला, "उशाला घे की ते. वाचण्यापेक्षा लवकर चढंल डोक्यात." आम्ही दोघं पोटभर हसलो. ती हसली नाही.

बंगले भाड्यानं देणाऱ्या आमच्या एजंटासाठी तिला प्रोग्राम करायचा होता. कुठला बंगला मोकळा, कुठं किती माणसं, स्वयंपाकाला कोण, सगळं आपोआप. पहिल्यांदा तिनं सगळं एकातच लिहिलं. बंगल्याचं भाडं बदललं की स्वयंपाकाचे निरोप बंद पडायचे. मग पुस्तकात बघून तिनं ते फोडलं. कपाटाच्या पत्र्यावर खडूनं चौकोन काढून मला सांगायला लागली.

"आत्या, ही वेगवेगळी घरं समजा. प्रत्येकाचं एक काम. हे घर बंगले सांभाळतं, हे स्वयंपाकिणींना कळवतं. दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नाही. पाहिजे ते दारातून मागायचं, दारातून घ्यायचं. आत कोण आहे ते बघायचंच नाही."

"मंग ही चाळच झाली की. आन् चाळीत डोकवत न्हाईत व्हय?"

"ह्या चाळीत नाही डोकवत."

मला त्यातली एक गोष्ट मात्र पटली. आडनाव विचारून मग माझ्या हातची भाकरी खायची का ते ठरवणारे पाहुणे मी बघितलेत. तिच्या प्रोग्रामात स्वयंपाकिणीला आडनाव नव्हतं, नुसता नंबर होता.

एजंट तिला म्हणाला, "ह्या शनिवारी चाललं तर ऑफिसात खुर्ची. न्हाई चाललं तर घासणी हाय आन् तू हायेस."

शनिवारी सकाळी माझ्या फोनवर निरोप आला, अमुक बंगला, कोंबडीचं जेवण. मी वाचला, फोन पिशवीत टाकला, वाटेत कोंबडी घेतली आणि गेले. बंगल्याच्या फाटकाशी कामशेतची चाची उभी. ती माझ्यासारखीच स्वयंपाक करते. तिच्याही हातात कोंबडी. मागून वडिवळ्याची तिसरी बाई आली, तिसरी कोंबडी घेऊन.

चाची म्हणाली, "अगं बाई, पाव्हणं हायेत का वाघ?"

तिघी तिथं, आणि दुसऱ्या दोन बंगल्यांत कोणीच नाही. तिथले पाहुणे एजंटला फोनवर शिव्या घालत होते. तो आला आणि पाहुण्यांच्या देखत सुनेला हाक मारली. "काय गं, तुज्या पुस्तकात भांड्याचा धडा हाय का? न्हाई? मंग बस खाली." तिला मोरीत बसवली आणि तिन्ही बंगल्यांची आदल्या रात्रीची खरकटी भांडी आणून तिच्यापुढं ओतली. पाहुण्यांतल्या एकीनं मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. मी आत कांदा परतत होते. मला काही बोलायचं नव्हतं, माझी पोळी त्याच्याच तव्यावर भाजायची होती.

घरी आल्यावर तिनं विचारलं, "आत्या, मेसेज मिळाला होता ना? मग हो का नाही कळवलंत?"

"यायचं व्हतं म्हनून."

आमच्यात कामाच्या निरोपाला कोणी हो म्हणत नाही. जायचं नसलं तरच उलटा निरोप धाडायचा. पुस्तक लिहिणाऱ्याला हे काय माहीत! त्यानं लिहिलेलं, उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारा, तरी नाही आलं तर ती वाट बंद समजा आणि दुसरीला विचारा. प्रोग्रामनं मला विचारलं, मी गप्प. चाचीला विचारलं, ती गप्प. तिसरी गप्प. पहिला निरोप ज्या बंगल्याचा, तिथं तिघी गेलो. बाकीच्यांसाठी त्याच्या लेखी बायकाच उरल्या नाहीत.

"मंग गप्प म्हंजे व्हय, असं शिकव त्याला," मी म्हटलं.

"गप्प बसलेली बाई येणार आहे की मेली आहे, त्याला कसं कळणार?"

एजंटला तिची दया आली नव्हती. त्याचे फोन घेणारा माणूस सोडून गेला, म्हणून पुढच्या शनिवारी त्यानं तिला पुन्हा बघू म्हटलं. तिनं निरोपाखाली एक हिरवं बटण घातलं. ते दाबलं की हो. वेळेत नाही दाबलं तर नंबर सगळ्यांच्या खाली.

ते चाललं. तिला खुर्ची मिळाली, फिरणारी.

चाची फोन पोलक्यात ठेवते, वाजला की बटण दाबते. माझे हात पिठात, फोन खुंटीवरच्या पिशवीत. मी खाली गेले, मग आणखी खाली. शेवटी निरोप यायचे थांबले.

"मला वर घाल," मी म्हटलं.

"असं हातानं वर घालता येत नाही, आत्या. एकदा आत हात घातला की उद्या एजंट त्याच्या मेहुणीसाठी घालायला लावेल. मग सगळं पुन्हा एकात एक."

"सासू हाय मी तुजी!"

"घरात. तिथं तुम्ही नंबर आहात."

ओरडली नाही, रागावलीही नाही. पीठ संपलंय हे सांगावं तसं सांगितलं. मोरीत बसवली तेव्हा मी कांदा परतत होते, ते तिनं बोलून दाखवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तेही नाही.

आता मी घरी असते आणि तिचा डबा करते. एकदा निघताना तिनं दारातून विचारलं, "आत्या, डबा झाला का?" झाला होता, म्हणून मी गप्प. ती तशीच गेली. संध्याकाळी डबा फळीवर बघून म्हणाली, "तुम्ही हो म्हणाला नाहीत."

मी भाजी कोंबड्यांना घातली. आता ती विचारते तेव्हा मी व्हय म्हणते. शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.