न मारलेली गाठ

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. परवा अंगणात धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, उतरवलं आणि त्या वासानं सगळं पुन्हा वर आलं.

माझा मित्र नामदेव, त्याची लडाख फिरून आलेली जड मोटारसायकल बंद पडली होती. दुरुस्तीसाठी भंडाऱ्याला न्यायला आम्ही ती पिकअपमध्ये तणसावर उभी केली. धरायला तो मागे बसला.

“मागचा दोर आवळला न बे?” त्यानं विचारलं.

“आवळला न! बायकोले तरी एवढं जपतो का?”

खरं तर घाईत मी दोर कडीत नुसता अडकवला होता. कारधा गावाच्या वळणावर दोर सुटला आणि मोटारसायकल त्याच्या पायावर कोसळली.

दवाखान्यात तोच म्हणाला, “माहीच चूक. माह्याच्यानं सावरली नाही.”

तो अजून लंगडतो, अजून स्वतःलाच दोष देतो. गाठ मी मारलीच नव्हती, हे त्याच्यासमोर बसून सांगणं माझ्याकडे बाकी आहे.