गवतातली रेघ

त्या वर्षी मी एकही चित्र न काढता चित्रकलेत पास होणार होतो. निदान बेत तसा होता. नागपूरच्या कलाशाळेत आमच्या सरांनी सांगितलं होतं की परदेशात हल्ली काही लोक रानात नुसते चालतात आणि त्यालाच कला म्हणतात. आळशी माणसाला आणखी काय हवं? दिवाळीच्या सुटीत असंच काहीतरी करून त्याचा एक फोटो न्यायचा होता. इकडे बाबांनी बजावून ठेवलं होतं, "औंदा नापास झाला त वखर धराले ये."

शेलूबाजारजवळ आमचं एक पडीत वावर होतं, गुडघाभर वाळल्या गवताचं. धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, विहिरीपर्यंत मी रोज सकाळी दोरी धरल्यासारखा सरळ जायचो आणि तसाच परत यायचो, पुन्हा पुन्हा. पायांत कॅनव्हासचे बूट. मधे बाभूळ होती, तिच्याही खालून सरळ. आठवड्याभरात छान रेघ उमटली. गावाला वाटलं, पोरगं वाया गेलं. मला वाटलं, मी मोठा कलावंत झालो.

मग मित्राचा कॅमेरा आणायला कारंज्याला गेलो. तिथे चार दिवस मुक्काम पडला. परत येऊन पाहतो तर रेघ बाभळीपाशी वाकडी! कापूस वेचणाऱ्या बायांना विहिरीवर जायला ती वाट सोयीची पडली होती. माझं डोकंच फिरलं. रिळात एकच फोटो उरला होता आणि सुटी संपत आली होती.

"माही रेघ काहून मोडली तुमी?" मी ओरडलो.

डोक्यावर घागर घेतलेली एक बाई थांबली. "तुह्या पायात बूट हायेत, बापू. आमी काट्यातून चालावं काय?"

मी खाली पाहिलं. सगळ्या अनवाणी होत्या.

"अन् तू रोज विहिरीवर कायले जाऊन राह्यला होता? घोटभर पानी त आनलं नाही कदी!"

बाया खो खो हसल्या. मी आहे त्याच रेघेचा फोटो काढला.

सरांनी तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला. माझ्या सरळ भागाकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. बाभळीजवळ बोट ठेवून म्हणाले, "सगळी गंमत इथे आहे. हे वळण कसं सुचलं?"

मला वखर दिसत होता.

"चालता चालता सुचलं, सर."

पास झालो, तेही पहिल्या वर्गात. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. मागे माझी सही आहे, आणि ती खोडायचं धाडस मला अजून झालेलं नाही.