दाजींचा राजा-गुलाम

पोकरमध्ये राजा-गुलाम ही सगळ्यात लबाड पानं. फेकवत नाहीत, आणि खेळावं तर माती खायला लावतात. विष्णुपुरीला हॉस्टेलवर असताना भल्याभल्यांना ह्या पानांनी झोपवलेलं मी बघितलंय. आमचे दाजी मात्र पोकर मोबाईलवर शिकले, म्हणजे शिकलेच नाहीत. फुकटच्या खेळात दोन-चारदा जिंकले आणि गडी स्वतःला उस्ताद समजायला लागला.

गेल्या धोंड्याच्या महिन्यात ताई आणि दाजी नांदेडहून आमच्याकडं जळकोटला आले. ह्या महिन्यात लेक-जावई म्हणजे लक्ष्मी-नारायण. अण्णांचे गुडघे दुखतात, तरी खाली बसून त्यांनी जावयाचे पाय परातीत धुतले. आणि नारायण काय करत होते? मोबाईलवर पत्ते खेळून राहिले होते. एक पाय झाला तसा न बघताच दुसरा पुढं केला.

पुरणाचे धोंडे तुपात बुडवून हाणले आणि दाजींनी सतरंजीवर पत्ते काढले. "या, तुम्हाला खरा खेळ शिकवतो." अण्णा, काका आणि मी बसलो. पैशाऐवजी आईनं चिंचोके दिले. ज्याच्या-त्याच्या हातात दोन झाकली पानं, मधे पाच उघडी, सगळ्यांतून ज्याचा डाव मोठा त्याचे चिंचोके. ताई ताक देत आमच्या मागून फिरत होती.

आता आमच्या घरची रीत अशी की जावयाला हरवायचं नाही. पत्ते असोत, वाद असो, जावई जिंकलाच पाहिजे. दाजींनी चिंचोके पुढं सरकवले की अण्णा आणि काका मुकाट्यानं पानं पालथी टाकायचे. मला एक्क्यांची जोडी लागली, मी सरसावून बसलो, तर अण्णांनी असे डोळे वटारले की मीही टाकली. दाजींना ह्यातलं ओ की ठो कळेना. "राजा-गुलाम आलं की आपण सोडतच नाही," ते आम्हाला शिकवत होते. "जोर लावायचा. समोरचा घाबरून सोडतोच." समोरचा सासरा होता, एवढंही ह्या शहाण्याच्या डोक्यात शिरलं नाही.

मग आपल्या ढिगाऱ्याकडं बघून ते म्हणाले, "माझं ठरलंय. सोमवारी राजीनामा देतो. गोव्याला जाऊन पोकरच खेळणार. नोकरीत काय ठेवलंय?"

कायमची सरकारी नोकरी. ती बघूनच अण्णांनी लेक दिली होती, आणि ताईचं घर, पोरीची शाळा सगळं त्या पगारावर. ताई ताकाचा तांब्या घेऊन जागच्या जागी थांबली. तिच्या तोंडावरून कळत होतं की तिलाही हे आत्ताच कळतंय. आणि अण्णा काय म्हणाले? "तुमाला बरं वाटंल तसं करा, जावाईबापू." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बसा आता लाड करत.

मी उठून आईजवळ गेलो. "मी हरवतो त्यांना."

"अजाबात न्हाई," आई म्हणाली. "धोंड्याच्या महिन्यात पाव्हण्याचं मन मोडायचं न्हाई."

"मग ताई बी पाव्हणीच हाय की. तिला कशाची आडकाठी?"

ताईनं ऐकलं. तांब्या ठेवला, पदराला हात पुसले आणि माझ्या जागेवर जाऊन बसली. दाजी हसले. "तुला काय कळतंय ह्यातलं?" बिचारी रोज जेवताना हेच पुराण ऐकत आली होती.

पहिले काही डाव तिनं सोडून दिले. मग एका डावात मधे राजा उघडला आणि दाजींनी अख्खा ढीग पुढं लोटला. अण्णा खोकले. परत खोकले. ताईनं त्यांच्याकडं बघितलंच नाही, आपले होते नव्हते ते चिंचोके पुढं केले.

दाजींनी तोऱ्यात पानं उघडली. राजा-गुलाम. ताईकडं राजा-राणी. राजांची जोडी दोघांचीही, म्हणून दुसऱ्या पानावर निकाल, आणि राणी गुलामाच्या वर. ह्या पानांची लबाडी ती हीच, जोडी लागते तेव्हाच बुडवतात.

"नशीब," दाजी म्हणाले.

"नशीब न्हाई," ताई म्हणाली. "मघाशी अण्णांकडं तीन दश्श्या होत्या. काकाकडं एका रंगाची पाच पानं. ह्याच्याकडं एक्क्यांची जोडी. मी मागं उभी राहून बघून राहिले. सगळ्यांनी तुमच्यापुढं टाकली, तुम्ही जावाई म्हणून. गोव्यात कोण तुमचे पाय धुऊन बसवणार हाय?"

दाजींनी अण्णांकडं बघितलं. "खरं का?"

अण्णा खाली मान घालून चिंचोके गोळा करायला लागले.

निघताना अण्णा रीतीप्रमाणं पाया पडायला वाकले, तर दाजींनी त्यांचे खांदे धरले आणि वाकू दिलं नाही. इतक्या वर्षांत त्या माणसाला सुचलेली ही पहिली शहाणपणाची गोष्ट.

सोमवारी अण्णा सकाळपासून हातात फोन धरून ओट्यावर बसले होते. शेवटी ताईचा फोन आला. "गेले हापिसात," ती म्हणाली. "डबा घेऊन गेले." अण्णांनी फोन ठेवला, चष्मा काढून डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसले, "पुढल्या खेपंला तिला पत्त्याला बसू द्यायचं न्हाई. जावाई हाय तो."