गरम हाय, गुलाबी हाय

सई आणि ईशान,

परवा सईने तिच्या हॉस्पिटलचं माहितीपत्रक फोनवर मला वाचून दाखवलं. बाळ जन्मलं की ते लगेच आईच्या उघड्या छातीवर ठेवणार, मधे कापड नाही. "आजी, तुला हे विचित्र वाटतं का गं?" असं तिने विचारलं. मला विचित्र वाटत नाही. का वाटत नाही, ते फोनवर घाईत सांगता आलं नसतं. सईचे दिवस भरत आलेत, म्हणून आजच लिहायला बसले.

निवृत्तीनंतर काही वर्षं मी पनवेलच्या एका लहानशा नर्सिंग होमची व्यवस्था पाहत असे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिथल्या मुख्य सिस्टरांबद्दल मात्र कधी सांगितलं नव्हतं. बाळंतपणाच्या खोलीचं दार उघडलं की बाहेरचे नातेवाईक ताडकन उठत. सगळ्यांचा एकच प्रश्न, "काय झालं?" सिस्टर दारातच उभ्या राहून तळव्यावर तळवा चोळत आणि सांगत, "गरम हाय, गुलाबी हाय. बाकीचं मागून."

एकदा एक आजोबा चिडले. "अहो बाई, पेढे आणू की बर्फी, एवढं तरी सांगा!"

"काय पण आणा. आमाला दोन्ही चालतात."

सिस्टर उरणच्या कोळीवाड्यातल्या. डॉक्टरबाईंशी बोलताना भाषा अगदी पुस्तकी. नातेवाइकांशी, किंवा मनातून धास्तावल्या की, घरची. त्यामुळे त्यांच्या बोलण्यावरून मला खोलीत काय चाललंय याचा अंदाज येई. माझ्याशी त्यांचं एकच भांडण होतं. कपाटात मी दुपटी रंगांप्रमाणे घड्या घालून लावत असे, आणि त्या म्हणत, "म्याडम, तुमच्या घड्या लई सुंदर. पण पोराला आधी आई पांघरू दे, मग दुपटं." बाळाला हात लावण्यापूर्वी त्या तळवे चोळून आधी स्वतःच्या गालाला लावून पाहत. मग हाताची मागची बाजू बाळाच्या तळपायाला, नंतर पोटाला. त्यांचा थर्मामीटर खिशातच असे, तो त्यानंतर निघे.

त्या जानेवारीतल्या सकाळी सिस्टरांची भाषा पहिल्या वाक्यापासूनच घरची होती.

उरणहून एक मुलगी आली होती. दिवस भरायच्या बऱ्याच आधी कळा सुरू झाल्या होत्या. सोबत तिची सासू. पनवेलच्या बाजारात मासळी विकणारी, दणकट, मोठ्या आवाजाची बाई. बाहेर नवरा. मुलगी झाली, रडली, श्वासही नीट घेत होती. पण इतकी लहान की सिस्टरांच्या दोन तळव्यांत मावली. आणि तेवढ्यात वीज गेली. इन्व्हर्टरवर दिवे लागले, बाळाला ऊब देणारा वॉर्मर काही चालेना. मोठ्या हॉस्पिटलची गाडी निघाली होती, पण कळंबोलीजवळ रस्त्यात कंटेनर आडवा झालेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गाडी येईपर्यंत आईची छाती हाच वॉर्मर." सिस्टरांनी बाळ पुसलं, उघडंच आईच्या छातीवर पालथं ठेवलं आणि दोघींवर पांघरूण घातलं.

दारावर थाप. बाळाचा बाप. "काय झालं?"

सिस्टर म्हणाल्या, "अजून नाय." एवढंच. त्या दारात त्यांच्या तोंडून हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं.

शेजारच्या खोलीतून डॉक्टरबाईंनी हाक मारली, म्हणून त्या तिकडे धावल्या. मी पाठमोरी उभी राहून फोनवर गाडीच्या चालकाशी बोलत होते. सिस्टर परत आल्या तेव्हा बाळ आईजवळ नव्हतं. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर एक घट्ट गाठोडं: टोपडं, झबलं, दोन दुपटी, वर शाल. थकलेली सून नुसतीच बघत होती.

सिस्टरांनी गाठोड्यात हात घातला. तळपाय. मग पोट.

"मावशी, पोट पण गार पडलंय."

"म्हणून तर गुंडालली! थंडीच्या दिसांत पोर उघडी टाकलीत, लाज नाय वाटत तुमाला? आमच्यात पाचवीपर्यंत वारा लागू देत नाय."

मला वाटलं, आता सिस्टर बाळ हिसकावून घेणार. पण त्या खाली उकिडव्या बसल्या. झबल्याचे बंद सोडता सोडता त्यांनी विचारलं, "मावशी, टोपलीत मासळीवर काय घालता?"

"बर्फ. का?"

"आन बर्फावर?"

"गोणपाट."

"गोणपाटात बर्फ गरम होतो?"

"येडी का काय! गोणपाटानं तर बर्फ टिकतो..." मावशी थांबल्या. मांडीवरच्या गाठोड्याकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच भराभरा दुपटी सोडायला सुरुवात केली. घाईत शालीचं टोक सापडेना.

"टोपडं राहू दे," सिस्टर म्हणाल्या. "डोकं झाकलेलं बरं. तेवढं तुमचं."

बाळ पुन्हा आईच्या छातीवर गेलं. मावशींनी खांद्यावरची जाड सुती फडकी काढली आणि सिस्टरांनी त्या फडकीने मायलेकींना एकत्र बांधलं. मावशी दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, लेकाने जरा फट केली तर "तिकडं बग!" म्हणून खेकसल्या. सून बाळाच्या डोक्यावर ओठ टेकवून काहीतरी पुटपुटत होती. सिस्टर दर थोड्या वेळाने फडकीत हात घालत आणि मान हलवत. नाही. मी उगाचच ती सोडलेली दुपटी घडी करत होते. करायची आणि मोडायची.

मग सिस्टरांचा हात आत जरा जास्त वेळ राहिला.

"पोट गरम झालं," त्या म्हणाल्या. बऱ्याच वेळाने, "तळपाय पण." मग मावशींकडे वळून, "जा, तुमीच सांगा."

मावशींनी दार उघडलं. "काय झालं?" लेकाने विचारलं. त्या माउलीला हुंदका आवरेना. "गरम हाय रं," एवढंच बोलल्या.

गाडी आली. मायलेकी तशाच बांधलेल्या गेल्या, आणि मावशी फडकीशिवाय, पदर खोचून, गाडीत चढल्या. गाडी दिसेनाशी झाल्यावर सिस्टर पायरीवर बसल्या. मी चहा आणला तर कप हातात घेईनात. "थांबा म्याडम, आता माजेच हात गार पडलेत."

पुढे त्या निवृत्त होऊन उरणला गेल्या. गेल्या वर्षी वारल्याचं मला मावशींकडून कळलं. नर्सिंग होमच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

रविवारी मी बाजारात गेले होते. मावशींची तीच नात सुट्टीची आजीजवळ बसली होती. तिने माझ्या पिशवीत बोंबील घातले, तेव्हा तिची बोटं माझ्या हाताला लागली. बर्फासारखी गार. मी नकळत तिचा हात दोन्ही तळव्यांत धरला आणि सोडेचना. मावशी हसल्या.

"बर्फात हात घातलावता तिनं, बाय. पोर बरी हाय."

पोर बरी आहे.

— आजी